नॉइज काढला तरी परत येतो? स्लायडर ओढण्याआधी तो कुठून येतोय ते शोधा

तक्रार जवळजवळ नेहमी सारखीच असते. फोटोतला नॉइज, म्हणजे मंद उजेडात दिसणारी दाणेदार खरखर, काढायला नॉइज रिडक्शनचा स्लायडर बराच वर नेला, स्क्रीनवर फोटो स्वच्छ दिसला, एक्स्पोर्ट केला आणि फाइल उघडली तर दाणे पुन्हा हजर. मग ४० चा आकडा ७० होतो, पुढच्या फोटोला ८५. शेवटी दाणे जातात, पण त्यांच्याबरोबर त्वचेचा पोत, केसांच्या बटा, कापडाची वीण असं सगळंच जातं आणि माणूस मेणाचा दिसायला लागतो.

बहुतेक वेळा दोष नॉइज रिडक्शनचा नसतो. दाणे शेजारच्या दुसऱ्याच स्लायडरमधून येत असतात आणि आपण औषध भलतीकडे लावत असतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मला हे उशिरा समजलं. एका नाटकाच्या तालमीचे फोटो काढले होते. प्रकाश मंद होता. आयएसओ (सेन्सरचा सिग्नल किती मोठा करायचा तो आकडा) वाढवला की नॉइज येतो ही भीती मनात पक्की असल्यामुळे मी १६०० च्या वर गेलोच नाही. फोटो दोन स्टॉपनी काळे आले, म्हणजे हव्या त्या उजेडाच्या चौथाईवर. घरी येऊन एक्सपोजर वाढवलं, शॅडो (गडद भाग) उचलल्या, आवडीचा एक प्रीसेट (आधीच ठरवलेल्या सेटिंगचा संच) लावला आणि मग दोन संध्याकाळी नॉइजशी झटत बसलो. प्रत्येक फोटोत तेच. तिसऱ्या दिवशी कंटाळून एका फोटोची व्हर्च्युअल कॉपी केली, सगळे स्लायडर शून्यावर आणले आणि एकेक करून परत चालू केले. दाणे कुठून येतात ते दहा मिनिटांत कळलं. तेव्हापासून कुठल्याही हट्टी फोटोवर मी आधी हीच चाचणी करतो.

चाचणी

फोटोची कॉपी करा, सगळं रीसेट करा. एखाद्या सपाट अंधाऱ्या जागी, म्हणजे सावलीतली भिंत, काळा कोट, संध्याकाळचं आभाळ, अशा ठिकाणी १०० टक्के झूम करा. १०० टक्केच हवं. ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो १९२० पिक्सेल रुंद स्क्रीनवर अख्खा मावतो तेव्हा सॉफ्टवेअर त्याला तिपटीहून जास्त आक्रसून दाखवत असतं. शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात, दाणे आपोआप दबतात आणि फोटो स्वच्छ असल्याचा भास होतो. शिवाय अनेक सॉफ्टवेअर नॉइज रिडक्शन आणि शार्पनिंगचा (कडांना धार लावण्याचा) खरा परिणाम १०० टक्क्यांवरच दाखवतात. ‘एक्स्पोर्ट केल्यावर नॉइज परत आला’ या तक्रारीतल्या निम्म्या तरी इथेच संपतात. तो गेलाच नव्हता, लहान आकारात दिसत नव्हता इतकंच.

आता एकेक गोष्ट चालू करा. आधी एक्सपोजर, मग शॅडो, मग क्लॅरिटी, टेक्स्चर, डीहेझ (फोटो ठसठशीत करणारे स्लायडर), मग शार्पनिंग, शेवटी प्रीसेटमधलं उरलेलं. प्रत्येक पायरीला त्याच जागेकडे बघा. दाणे जिथे एकदम उडी मारतात, तो तुमचा गुन्हेगार.

माझ्या फोटोत तीन निघाले. शॅडो ८० वर होत्या. शार्पनिंग ७० वर आणि त्याचं मास्किंग, म्हणजे धार कुठे लावायची नाही ते ठरवणारा आकडा, शून्य. तिसऱ्याचं मला सर्वांत आश्चर्य वाटलं: प्रीसेटमध्येच ग्रेन २५ भरलेलं होतं. जुन्या फिल्मसारखा रंग देणाऱ्या बऱ्याच प्रीसेटमध्ये मुद्दाम दाणे घातलेले असतात. म्हणजे मी एका हाताने दाणे काढत होतो आणि प्रीसेट दुसऱ्या हाताने ते पेरत होता. लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे इफेक्ट्स पॅनेलमध्ये खाली लपलेलं असतं. प्रीसेट वापरत असाल तर आधी तिथे बघा.

शॅडो उचलल्या की दाणे का येतात

एवढा भाग नीट समजून घेतला की पुढचे निर्णय सोपे होतात. प्रकाश सेन्सरवर सलग सांडत नाही, फोटॉनच्या थेंबांनी पडतो. एकाच रंगाच्या भिंतीवरचे शेजारशेजारचे पिक्सेलसुद्धा अगदी सारखे थेंब गोळा करत नाहीत. पावसात शेजारी ठेवलेल्या दोन वाट्यांत थेंब मोजले तर थोडा फरक येणारच. हा फरक साधारण एकूण थेंबांच्या वर्गमुळाइतका असतो. १०,००० फोटॉन पडले तर चढउतार १०० चा, म्हणजे १ टक्का, डोळ्याला दिसणारही नाही. १०० च फोटॉन पडले तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के. भिंत खरखरीत दिसायला लागते.

सावलीच्या भागात मुळातच थेंब कमी. त्यात सेन्सरवरून आकडे वाचताना इलेक्ट्रॉनिक्सची आपली थोडी खरखर मिसळते, ती वेगळी. शॅडो उचलणं म्हणजे त्या थोड्या थेंबांना गुणणं. चित्र उजळतं, पण खरखरही तेवढ्याच पटीने गुणली जाते. डीहेझ आणि क्लॅरिटी शेजारच्या छटांमधला फरक वाढवतात, आणि दाणा म्हणजे दुसरं काय, शेजारच्या छटांमधला फरकच. म्हणून आभाळावर डीहेझ ओढलं की निळ्या पट्ट्यात वाळू पसरल्यासारखं दिसतं.

आयएसओच्या भीतीचं मूळही इथेच आहे. आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर पडणारा प्रकाश कमी होत नाही, आलेला सिग्नल फक्त मोठा केला जातो. नॉइज येतो तो प्रकाश कमी पडला म्हणून. शटर आणि अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचा वेळ आणि छिद्र) तेच ठेवून तुम्ही १६०० वर काळा फोटो काढलात आणि संगणकावर दोन स्टॉप उजळवलात, तर तो ६४०० वर नीट काढलेल्या फोटोपेक्षा बरा येत नाही. पुष्कळ कॅमेऱ्यांत तो वाईटच येतो, कारण वाचनाच्या वेळची खरखरही चौपट होते. तालमीत मी ६४०० वर निर्धास्त जायला हवं होतं. त्याहून बरं म्हणजे पात्रं स्थिर उभी होती तेव्हा शटर १/२५० सेकंदावरून १/१२५ वर आणायला हवं होतं, कारण तेव्हा खरोखर दुप्पट प्रकाश आत आला असता.

सॉफ्टवेअरमध्ये याचा उपाय साधा आहे. नॉइजचा आकडा उजेड ठरल्यानंतर ठरवा. लाइटरूम, डार्कटेबल, रॉथेरपी यांसारख्या रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या) फाइलच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही कुठला स्लायडर आधी हलवला याने प्रक्रियेचा क्रम बदलत नाही, तो सॉफ्टवेअर स्वतः ठरवतं. पण आकडा तुम्ही डोळ्यांनी ठरवता. शॅडो अंधारात असताना २० पुरेसा वाटतो, त्या ८० वर गेल्या की तोच २० तोकडा पडतो. फोटोशॉप किंवा गिंपमध्ये थेट पिक्सेलवर काम करत असाल तर मात्र क्रम खरोखर महत्त्वाचा: नॉइज आधी, शार्पनिंग अगदी शेवटी.

आणि कधीकधी सावलीला सावलीच राहू द्या. ८० वरच्या शॅडो ४५ वर आणल्या तेव्हा माझ्या फोटोतला निम्मा प्रश्न मिटला आणि रंगमंचाचा अंधार परत अंधारासारखा दिसायला लागला.

रंगाचे डाग वेगळे, दाणे वेगळे

नॉइज दोन रूपांत दिसतो. एक म्हणजे उजेड-अंधाराचे बारीक दाणे, याला ल्युमिनन्स नॉइज म्हणतात. दुसरं म्हणजे जांभळे-हिरवे-लाल डाग, हा कलर नॉइज. दोघांना वेगवेगळं वागवायचं असतं आणि सुरुवात नेहमी रंगापासून करायची.

आपला डोळा उजेडातले बारीक फरक चटकन टिपतो, रंगातले नाही. त्यामुळे रंग बराच मऊ केला तरी तपशील गेल्यासारखा वाटत नाही. जेपीईजी फॉरमॅटही याच गोष्टीचा फायदा घेऊन रंगाची माहिती कमी साठवतो. लाइटरूम रॉ फाइलला रंगाचं नॉइज रिडक्शन मूळचंच २५ देतं आणि ल्युमिनन्सला शून्य. या निवडीत शहाणपण आहे. डाग तरीही दिसत असतील तर रंगाचा आकडा ४० ते ५० पर्यंत न्यायला हरकत नाही. मोठाले, ढगांसारखे पसरलेले डाग असतील तर त्याखालचा स्मूदनेस वाढवा. फक्त ओठ, लहान दिवे, पताकांसारखे बारीक रंगीत भाग फिके पडत नाहीत ना, ते बघा.

डाग निळसर असतील तर व्हाइट बॅलन्सकडे बघा. पिवळ्या दिव्यांच्या उजेडात निळा प्रकाश फार कमी असतो. पांढरं पांढरं दिसावं म्हणून सॉफ्टवेअर निळ्या चॅनेलला, म्हणजे फोटोतल्या निळ्या रंगाच्या माहितीला, गुणतं आणि त्यातली खरखर वर येते. फोटोशॉपमध्ये किंवा गिंपमध्ये तीन चॅनेल वेगवेगळे उघडून बघा, अशा फोटोत निळा चॅनेल सर्वांत खरबरीत दिसेल. थोडा पिवळेपणा राहू दिला की डाग कमी होतात, आणि दिव्याच्या उजेडातला फोटो थोडा पिवळा असणं मला तरी खटकत नाही.

डाग गेले की बारीक दाणे तेवढे उरतात आणि ते पुष्कळदा सुसह्य असतात. ल्युमिनन्स १५-२० वर ठेवून थांबून बघा. शून्य दाणे हे ध्येय ठेवलं की चेहरा मेणाचा होणं ठरलेलं आहे.

शार्पनिंग

शार्पनिंगला दाणा आणि पापणी यांतला फरक कळत नाही. जिथे छटा बदलते तिथे ते धार लावतं, आणि दाण्याच्या कडेला छटा बदलतेच. लाइटरूम रॉ फाइलला शार्पनिंग ४० देतं आणि मास्किंग शून्य, म्हणजे आभाळालाही धार, भिंतीलाही धार.

मास्किंगचा स्लायडर ऑल्ट दाबून ओढा, मॅकवर ऑप्शन. चित्र काळं-पांढरं होईल. पांढऱ्या भागाला धार लागते, काळा भाग वगळला जातो. चेहऱ्याच्या फोटोत डोळे, भुवया, केस, ओठांच्या कडा एवढंच पांढरं राहीपर्यंत ओढत राहा, बहुधा ६० ते ८० च्या दरम्यान कुठेतरी येतं. शार्पनिंगमधला डीटेल स्लायडर नॉइज असलेल्या फोटोत खाली ठेवा, तो सर्वांत बारीक पोत उचलतो आणि सर्वांत बारीक पोत म्हणजे दाणेच.

डार्कटेबल आणि रॉथेरपीमध्ये नावं वेगळी असली तरी तत्त्व हेच. डार्कटेबलचं प्रोफाइल्ड डीनॉइज मॉड्यूल विशेष चांगलं आहे. कुठला कॅमेरा कुठल्या आयएसओवर किती खरखर करतो याची मोजमापं त्यात आधीच भरलेली असतात, त्यामुळे नुसतं चालू केलं तरी सुरुवात योग्य जागी होते.

एक्स्पोर्टच्या खिडकीतही एक शार्पनिंग असतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. लाइटरूममध्ये त्याला आउटपुट शार्पनिंग म्हणतात. ते ‘हाय’ वर राहिलं असेल तर इतक्या कष्टाने दाबलेले दाणे फाइल बनताना पुन्हा टोकदार होतात. संपादनात स्वच्छ आणि फाइलमध्ये दाणेदार अशी तक्रार १०० टक्क्यांवर बघूनही टिकली, तर सर्वांत आधी हीच खिडकी तपासा. जेपीईजीची क्वालिटी फार खाली ठेवली तर उरलेले दाणे ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटींत अडकून ठोकळे दिसतात. ८५ च्या आसपास ठेवलं तर हा त्रास होत नाही.

उलट फोटो लहान आकारातच लागणार असेल तर फार झटूच नका. ६००० बाय ४००० चा फोटो ३००० बाय २००० केला की प्रत्येक नव्या पिक्सेलमध्ये चार जुन्या पिक्सेलची सरासरी येते आणि दाणे साधारण निम्मे होतात. आधी लहान करून बघा, मग ठरवा.

चेहरा आधीच मेणाचा झाला असेल तर

पूर्ण फोटोवर एकच आकडा लावू नका. दाणे खुपतात ते सावलीत आणि मागच्या धूसर भागात, तपशील हवा असतो तो चेहऱ्यावर. लाइटरूममध्ये ल्युमिनन्स रेंजचा मास्क (उजेडानुसार भागांची निवड) करून फक्त गडद भागावर नॉइज रिडक्शन वाढवता येतं. लेयर, म्हणजे फोटोचे एकावर एक थर, वापरत असाल तर एक प्रत स्वच्छ केलेली वर, मूळ खाली, आणि वरच्या प्रतीच्या मास्कवर काळ्या ब्रशने डोळे, केस, कापडाचा पोत मोकळे करा. एवढं करायला वेळ नसेल तर वरच्या लेयरची अपारदर्शकता ६० टक्क्यांवर आणा. थोडे मूळ दाणे परत मिसळले की त्वचा पुन्हा त्वचेसारखी दिसते.

आभाळ गुळगुळीत केल्यावर त्यात पायऱ्यांसारखे पट्टे दिसू लागले तर ८ ऐवजी १६ बिटमध्ये काम करा. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाला २५६ च पायऱ्या असतात आणि दाणेच त्या झाकत होते. तरीही पट्टे उरले तर चिमूटभर ग्रेन मुद्दाम घाला. नॉइज काढून ग्रेन घालणं उलटं वाटेल, पण सारखा, बारीक, रंगहीन दाणा डोळ्याला खुपत नाही.

जो नॉइज नाहीच

प्रत्येक फोटोत नेमक्या त्याच जागी लाल, निळा किंवा पांढरा ठिपका येत असेल तर तो हॉट पिक्सेल. लांब एक्सपोजरमध्ये आणि सेन्सर तापल्यावर हे वाढतात. नॉइज रिडक्शन कितीही ओढा, तो जाईलच असं नाही, उलट पसरून मोठा डाग होतो. रॉथेरपी आणि डार्कटेबलमध्ये यासाठी वेगळा फिल्टर आहे, इतरत्र हीलिंग ब्रशने टिपून काढा. कॅमेऱ्यातलं लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन यासाठीच असतं. ते शटर बंद ठेवून तेवढाच वेळ आणखी एक काळी फ्रेम घेतं आणि मूळ फोटोतून वजा करतं, म्हणून ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी ३० सेकंद अडकून राहतो. तो बिघडलेला नसतो.

सावली उचलल्यावर आडव्या किंवा उभ्या रेघा दिसल्या तर ते बँडिंग. यावर स्लायडरचा उपाय जवळजवळ नाही. सावली तितकी उचलू नये, एवढंच.

रॉ नाही, जेपीईजीच आहे

इथे अपेक्षा थोड्या कमी ठेवाव्या लागतात. कॅमेऱ्याने किंवा फोनने आपल्या परीने दाणे आधीच पुसलेले असतात आणि उरलेल्यावर धार लावलेली असते. तरी रंगाच्या डागांवर एक जुनी युक्ती उत्तम चालते. लेयरची प्रत काढा, तिला डाग विरघळेपर्यंत गॉशियन ब्लर (धूसर करणारा फिल्टर) द्या आणि ब्लेंड मोड, म्हणजे वरचा लेयर खालच्यात मिसळण्याची पद्धत, ‘कलर’ करा. गिंपमध्ये एचएसएल कलर किंवा एलसीएच कलर निवडा. उजेडाचा तपशील खालच्या मूळ लेयरमधून येतो, रंग फक्त वरच्या मऊ लेयरमधून. कडांवर रंग बाहेर ओघळताना दिसला तर ब्लर कमी करा.

एआय डीनॉइज

लाइटरूमचं डीनॉइज, डीएक्सओचं डीपप्राइम, टोपाझची साधनं यांचे परिणाम खरोखर थक्क करणारे आहेत आणि ६४०० किंवा १२८०० च्या रॉ फाइलवर मी आता आधी तेच चालवतो. लाइटरूमचं डीनॉइज सुरुवातीलाच चालवा, आणि वर पुन्हा हाताने ल्युमिनन्स ओढू नका, दोन्ही एकावर एक बसले की पुन्हा मेण. त्याचा आकडा ५० वर येतो, मी बहुतेक वेळा ३० च्या आसपास आणतो.

एका बाबतीत मात्र मी फार काटेकोर आहे. ही साधनं दाण्यांखाली काय असावं याचा अंदाज बांधतात, आणि माहिती फारच कमी असेल तिथे अंदाज चुकतो. लांबच्या पाटीवरची अक्षरं अक्षरांसारखी पण न वाचता येणारी होतात, मागच्या रांगेतल्या माणसाचे डोळे वेगळेच होतात, पक्ष्याच्या छातीवर नसलेली पिसं उगवतात. म्हणून डीनॉइजनंतर चेहरे, दात, अक्षरं १०० टक्क्यांवर मूळ फोटोशेजारी ठेवून बघतो. आणि जो फोटो पुरावा, नोंद किंवा अभ्यास म्हणून वापरला जाणार आहे, त्यावर हे साधन वापरत नाही. तिथे दाणे परवडतात, खोटा तपशील नाही.

दृश्य स्थिर असेल, कॅमेरा ट्रायपॉडवर असेल, तर अंदाजाची गरजच उरत नाही. एकाच दृश्याचे अनेक फोटो काढून त्यांची सरासरी घ्या. खरखर प्रत्येक फोटोत वेगळी, दृश्य तेच, त्यामुळे सरासरीत खरखर विरते. ४ फोटोंनी ती निम्मी होते, १६ फोटोंनी पाव. फोटोशॉपमध्ये सगळे फोटो एका स्टॅकमध्ये उघडून जुळवून घ्या, त्यांचं एक स्मार्ट ऑब्जेक्ट करा आणि स्टॅक मोडमध्ये मीन, म्हणजे सरासरी, निवडा. माणसं किंवा गाड्या मधून गेल्या असतील तर मीडियन निवडा, त्याही बऱ्याचशा पुसल्या जातात. यात एकही पिक्सेल कल्पनेतला नसतो.

तोच त्रास प्रत्येक वेळी नको म्हणून

लाइटरूममध्ये आयएसओनुसार बदलणारा प्रीसेट करता येतो. वेगवेगळ्या आयएसओचे, नीट उजेडात काढलेले दोन-तीन फोटो घ्या, उदाहरणार्थ ४००, १६०० आणि ६४००. प्रत्येकावर नॉइज आणि शार्पनिंग मनाजोगतं बसवा, तिन्ही निवडा आणि प्रीसेट बनवताना आयएसओ अ‍ॅडॅप्टिव्हचा पर्याय निवडा. मधल्या आयएसओसाठीचे आकडे तो स्वतः काढतो.

फक्त हा प्रीसेट फाइलवर लिहिलेला आयएसओ बघतो, तुम्ही नंतर किती उजळवलंत ते त्याला कळत नाही. १६०० वर काढून दोन स्टॉप उचललेल्या फोटोला तो १६०० चं औषध देईल, जेव्हा आजार ६४०० चा असतो. अशा फोटोला ६४०० च्या फोटोवरची सेटिंग कॉपी करून लावा. तालमीचे ते सगळे फोटो मी शेवटी असेच दुरुस्त केले.